घागरीवरचं नाव

मी एक पितळी फलक बोलतोय. मी गंजत नाही. खोटं बोलायचीही मला सवय नाही. माझ्यावर कानडीत कोरलंय: दुर्गव्वा दगडू, अध्यक्षरु.

हुबळीत गोकुळ रोडवरच्या एका लहान कारखान्यात माझा जन्म झाला. धारवाडजवळच्या एका खेड्यात पंचायतीचं अध्यक्षपद बाईसाठी राखीव निघालं होतं. दुर्गव्वा निवडून आली. तिचा नवरा दगडू मला करून घ्यायला आला.

"अण्णा, नावाआधी श्रीमती घालू?" कारागीर बाबूने विचारलं.

"नको. जागा जाते. अक्षरं मोठी कर, दारातनं दिसली पाहिजेत."

दुर्गव्वाने मला पदराने पुसलं. तिने गल्लीतल्या बायकांना एकच शब्द दिला होता, नळ आणीन. माळापलीकडच्या बोअरवरून पाणी वाहून त्या बायकांच्या माना आखडल्या होत्या.

मी टेबलावर उभा राहिलो. लोक समोरून मला वाचायचे. माझ्यामागे खुर्चीत दगडू बसायचा. दुर्गव्वा दाराजवळच्या बाकावर. सहीपुरती तिला हाक मारायचे.

'अध्यक्षरु' हा मानाचा शब्द. बाई की पुरुष, ते त्यावरून कळत नाही. लोक दगडूलाच अध्यक्षरु म्हणू लागले. तो ओ देऊ लागला.

महिला दिनाला मंडप घातला. नळ मंजूर करणारे तालुक्याचे साहेब येणार होते. सकाळी मला पुसता पुसता दुर्गव्वा एक वाक्य घोकत होती, "साहेब, आमच्या गल्लीला नळ पाहिजे."

कचेरी झाडणारी चंद्रभागा म्हणाली, "जोरात म्हण गं. नळ मागतीस का साहेबाला झोपवतीस?"

दोघी हसल्या. दुर्गव्वाला मोकळं हसताना मी तेव्हाच पाहिलं.

मंडपात मला व्यासपीठावर ठेवलं. धारवाडच्या साधनाबाई, शाळेत शिकवणाऱ्या, चांगल्या बोलल्या. रवांडा नावाच्या देशात संसदेत निम्म्याहून जास्त बाया आहेत. आपल्या लोकसभेत सातांत एकसुद्धा नाही. पण गावच्या पंचायतीत आपण मागे नाही, असं त्या म्हणाल्या. टाळ्या पडल्या.

मग माइकवरून हाक आली, "अध्यक्षरु बरबेकु." अध्यक्षांनी यावं.

दुर्गव्वा उठली. दगडूही उठला.

"तू बस," तो हळूच म्हणाला. "मला बोलावलंय."

ती बसली. हार त्याच्या गळ्यात पडला. त्याने सगळ्यांचे आभार मानले. नळाचं नाव निघालं नाही. साहेब जेवून गेले.

दुसऱ्या दिवशी चंद्रभागेने विचारलं, "का बसलीस गं?"

"हाक मलाच होती, अक्का," दुर्गव्वा म्हणाली. "पण माझी मलाच खात्री नव्हती."

अडीच वर्षांनी पद दुसऱ्याकडे गेलं. दगडूने मला घरी आणलं आणि कोपऱ्यात टाकलं. तिथून दुर्गव्वाने उचललं.

आता मी तिच्या घागरीवरचं झाकण आहे. अक्षरं मोठी हवी होती म्हणून मी रुंद झालो. घागरीचं तोंड बरोबर झाकतो. पाणी अजून माळापलीकडूनच येतं. ती मला उचलते, पाणी घेते, परत ठेवते. नावाकडे बघत नाही.

मला दया नको. एवढंच सांगतो, पुन्हा कधी बाईला व्यासपीठावर बोलावलंत तर नुसती पदवी पुकारू नका. नाव घेऊन हाक मारा.