शाईची तीट

"वाळेपर्यंत लेकराला बोट लावू नका हं, ताई," मतदान केंद्रावर शाई लावणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या. मी हसले. रांगेतल्या बायकांनी शालूच्या गालांचं फार कौतुक केलं होतं आणि माझ्या पर्समध्ये काजळ नव्हतं. मी ओलं बोट तिच्या उजव्या गालावर टेकवलं. तीट. माझ्या नवऱ्यानं, सुहासनं, लगेच फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. दुपारपर्यंत इतर आयांचेही तसेच फोटो आले.

तेव्हापासून माझी दोन वर्षांची मुलगी रोज संध्याकाळी उंच होते.

ज्यांना मत दिलं त्या साहेबांनी सीमेपलीकडच्यांना धडा शिकवायचं वचन दिलं होतं. मला ते ऐकून बरं वाटलं होतं. घरात लहान मूल असलं की कुणीतरी दाराशी उभं आहे असं वाटायला हवं असतं. निवडून आल्यावरही त्यांचा प्रचाराचा टेम्पो येत राहिला. दिवेलागणीला तो गेटसमोर थांबतो. भोंग्यातून साहेब विचारतात, "अजून पुढं सरकायचं का?" सगळ्या गॅलऱ्यांतून शाईची बोटं वर होतात. टेम्पो निघून जातो, मी आत येते, आणि शालूचा फ्रॉक आखूड झालेला असतो.

बाकी ती तीच आहे. वरणभात भरवावा लागतो. पंख्याला हात पोचतो म्हणून मी पंखा बंद ठेवते.

"सैन्यभरतीची उंची कधीच पार केली हिनं," सुहास म्हणाला. त्याच्या आवाजात काळजी होती, पण तेवढीच नव्हती.

मी तीट लिंबानं घासली. रॉकेलनं घासली. गाल सोलवटला, डाग तसाच. वरच्या मजल्यावरच्या तांबटकाकू दारात उभ्या राहून बघत होत्या.

"देशाची शाई अशी पुसतात होय गं? शिकलेली ना तू?" मग जरा हळू म्हणाल्या, "आमची पिंकी अजून माझ्या कमरेलाच लागते. तुझ्या शालूला तीट पहिली लागली ना, म्हणून."

त्या संध्याकाळी मी गॅलरीत गेलेच नाही. भोंगा वाजला तेव्हा डावा हात मनगटापर्यंत कणकेत होता. तरीही शालूचं डोकं चौकटीला लागल्याचा आवाज आला. ती रडली, आणि खालचा मजला हादरला.

मी तशीच खाली धावले. साहेब टेम्पोत पुढच्या सीटवर बसले होते. मांडीवर जेवणाचं ताट, मान मात्र वर, गॅलऱ्यांकडं.

"साहेब, ती दोन वर्षांची आहे. हे विचारणं बंद करा."

"माझ्या हातात काय आहे, ताई? तुम्ही बोट कराल तिकडं माझी मान वळते. निकालापासून हे ताट दिसलं नाही मला. वरण आहे का त्यात?"

"आहे."

"गार झालं असेल."

"मग नका ना विचारू."

"एके दिवशी नव्हतं विचारलं. बोटं आधीच वर होती."

"माझं नव्हतं."

त्यांची मान करकरत माझ्याकडं आली. "मग हे?"

माझं डावं बोट वर होतं, कणकेसकट. मी ते उजव्या हातानं दाबलं. वाकलं नाही. ते आमच्या गॅलरीकडं होतं. साहेबांनी त्याच्या रोखानं पाहिलं. शालू वाकून उभी होती. तिनं मला टाटा केला.

"वा," साहेब म्हणाले. "हीच ना?"

ती स्वतःच जिना उतरली. भिंतीला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत, नेहमीसारखी. टेम्पोतला हिरवा गणवेश तिला पहिल्याच खेपेत बसला. सुहासनं फोटो काढला. तिनं "उच्ची, आई" म्हणत माझ्याकडं हात पसरले. मला तिला उचलता येईना. टेम्पोबरोबरच्या चौघांनी उचलून मागं बसवलं. मागं आधीच बरीच मुलं होती, सगळ्यांच्या गालावर तीट. तांबटकाकू वरून ओरडून विचारत होत्या, पिंकीचं काय, म्हणून.

बोट अजून खाली आलेलं नाही. टेम्पो जिकडं असेल तिकडं ते वळतं. पोळ्या लाटताना, केस विंचरताना हळूहळू सरकत असतं. आज सकाळपासून ते तुमच्या गावाकडं आहे.

भोंगा ऐकू आला तर गॅलरीत थांबू नका, खाली जा. टेम्पोच्या मागं बघा. सगळ्यांत उंच मुलगी, उजवा गाल सोलवटलेला. ती स्वतःहून सांगत नाही अजून. तिला शू लागली आहे का, तेवढं विचाराल?