डावीकडचा कान

सासऱ्यांची दोन आसनांची जुनी स्पोर्ट्सकार त्या मॉडेलच्या पहिल्या सालची की दुसऱ्या, हे ठरवायचं काम जावयाकडे आलं. कारण सासऱ्यांचं नाव ऐकताच जुन्या गाड्यांच्या क्लबातले बाकीचे तपासनीस एकजात आजारी पडले. प्रदर्शनात पहिल्या सालच्या गाड्या पुढे, सावलीत. दुसऱ्या सालच्या मागे, उन्हात, कचऱ्याच्या डब्यांशेजारी. कागद हरवल्यामुळे सासऱ्यांची गाडी आजवर डब्यांशेजारी उभी राहत आली होती. त्यांना आयुष्यात आता एकच हवं होतं : सावली.

वरून दोन्ही सालं जुळी भावंडं. फरक खाली, चासीत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यात. जॅक लावायचा लोखंडी कान डावीकडे असला तर पहिलं साल, उजवीकडे असला तर दुसरं. जावई गाडीखाली सरकला. उजवीकडे कान नव्हता. डावीकडेही नव्हता. पण डावीकडचा काळा रंग ताजा होता आणि त्याखाली ग्राइंडरचे ओरखडे बोटांना लागत होते.

"बाबा, इथला कान कुठे गेला?"

"छाटला," सासरे अभिमानाने म्हणाले. "कान दुसऱ्या सालचा, असं क्लबाच्या बैठकीत तुम्हीच सांगितलंत ना?"

"दुसऱ्या साली तो उजवीकडे गेला, हे पुढचं वाक्य होतं. तोवर तुम्ही उठून गेला होतात."

"ग्राइंडर आणायला," सासरे म्हणाले. मग ओणवं होऊन त्यांनी छाटलेली जागा पाहिली. शेवटी, "नवा बसवू, जावईबापू. कोणाला कळतंय!"

"मला कळतंय. नवा बसवला तर बनावट. तोच परत जोडला तर दुरुस्ती."

सासऱ्यांनी जन्मात वाकडा खिळासुद्धा फेकला नव्हता. तुकडा घरातच असणार म्हणून दोघांनी भंगाराचे सगळे डबे उपसले. आत घरात चाललेलं शिलाई मशीन थांबलं.

"तो तुकडा होय?" सासूबाई म्हणाल्या. "माझ्या मशीनच्या पायाखाली आहे. अगदी मापाचा बसलाय."

"अगं, दे इकडे!"

"आणि मशीन डुगडुगेल ते? टेकू मागून मागून तोंड दुखलं माझं. आधी दुसरा आणा, मग हा न्या."

लाकडाची ढलपी झाली, पुठ्ठा झाला, डब्याचं झाकण झालं. सासूबाई प्रत्येक वेळी पाय मारून पाहायच्या आणि मान हलवायच्या. अखेर सासऱ्यांनी भिंतीवरची पितळी ढाल काढली. मागच्या प्रदर्शनात भाग घेतल्याबद्दल मिळालेली. ती चपखल बसली.

कान पुन्हा जागेवर गेला. जावयाने शेरा दिला : "पहिलं साल. डावा कान मूळचाच, दुरुस्त."

प्रदर्शनाच्या दिवशी गाडी पुढे, सावलीत उभी राहिली. सासरे येईल त्याला ओणवं व्हायला लावून कान दाखवत होते. लोक वाकत, अंधारात डोळे ताणत आणि "छान आहे" म्हणून निघून जात.

दुपारी सासऱ्यांनी जावयाला बाजूला घेतलं.

"जावईबापू, इथे उजेडच नाही हो. कान दिसत नाही कोणाला. जरा हात लावा, गाडी उन्हात ढकलू."

ऊन एकाच ठिकाणी होतं. जावयाने बाह्या वर केल्या आणि डब्यांकडे ढकलायला सुरुवात केली.