तीन चमच्यांचा वाडगा

ज्याने पहिल्यांदा ‘मला वेगळं वाढ’ असं म्हटलं, त्याला कळलं तरी का आपण काय मोडतोय? पोट भरलं असेल त्याचं. घराचं जेवण मात्र तिथंच संपलं. नाव इतक्यात घेणार नाही. या घरात ते नाव घेतलं की दोघंही खाली बघतात.

मी साराचा वाडगा बोलतोय. लाय थियू गावच्या कुंभारभट्टीत माझा जन्म झाला. तिथल्या एका बाईने कुंचल्याच्या चार फटकाऱ्यांत माझ्या पोटावर कोंबडा काढला. काळी शेपटी, लाल तुरा आणि घाईत एक पाय राहूनच गेला. भांडी विकणारी होडी कालव्यातून फिरत या दारी आली, तेव्हा म्येन नवी नवरी होती. तिने नेमकं मलाच उचललं.

"लंगडा कोंबडा कशाला घेतेस?" तिचा नवरा क्वोय हसला.

"बरंय की. घर सोडून जाणार नाही."

आमच्याकडे भात ज्याच्या त्याच्या वाटीत, पण सार एकच, चटईच्या मधोमध. नदीला पूर आला की शेतं पाण्याखाली जातात, बोटाएवढे रुपेरी मासे कालव्यात शिरतात आणि काठाची शेवरी पिवळ्या फुलांनी भरते. म्येन चिंचेच्या कोळात मासे शिजवायची आणि चुलीवरून उतरवताना मूठभर शेवरीची फुलं घालायची. मग माझ्यात तीन चमचे बुडायचे. म्येनचा हळूच, क्वोयचा खोल आणि त्यांच्या लेकीचा, सुओंगचा, ठणठण तळाला आपटत.

शेवटचा मासा कुणी घ्यायचा, यावर रोज भांडण. "तुम्ही घ्या." "तूच घे, माझं झालं." तो मासा काठापासून काठापर्यंत ढकलला जायचा आणि अखेर सुओंगच्या भातावर जाऊन पडायचा. मला वाटतं, त्या ढकलण्यातच या माणसांचं सगळं प्रेम होतं. तोंडाने बोलायला यांना जमतंच कुठं!

लहानपणी सुओंगच्या हातून मी एकदा पडलो. काठाचा टवका उडाला. तेव्हापासून म्येन मला मांडताना ती तुटकी बाजू स्वतःकडे वळवते, लेकीच्या हाताला लागू नये म्हणून.

सुओंग मोठी झाली, शहरात बुटांच्या कारखान्यात लागली. पुढच्या पुरात ती घरी आली. चटईवर बसली, चमचा उचलला आणि थबकली.

"आई, मला वेगळ्या वाटीत दे ना. सगळ्यांचे उष्टे चमचे एकात... तिकडे कोणी असं खात नाही."

क्वोयचा चमचा हवेतच राहिला. "कुणाचं उष्टं? बापाचं?"

"बा, मी तसं नाही म्हटलं."

"ज्या तोंडाने तुला भात चावून भरवला, त्याची किळस आली होय? जा मग. जिथं वेगळं मिळतं, तिथंच जेव."

ती खरंच गेली. मला दोघांचाही राग येतो. तिने मागितली होती एक वाटी. त्याला ऐकू आला नकार. एवढीशी गोष्ट, आणि एकालाही दुसऱ्या दिवशी तोंड उघडता येऊ नये? म्येनशी ती फोनवर बोलते, पण बापाचं नाव काढत नाही. किती पूर आले आणि उतरले. आता माझ्यात दोनच चमचे बुडतात. शेवटचा मासा अजूनही ढकलला जातो, पण कुणाच्याच भातावर पडत नाही. निवून गेला की मांजर खातं.

परवा शेवरी फुलली. म्येनने सार केलं आणि तिच्याही नकळत चटईवर तिसरी वाटी ठेवली, जेवायच्या काड्यांची तिसरी जोडी ठेवली. आमच्याकडे गैरहजर माणसाचं पान मांडतात ते फक्त श्राद्धाला.

क्वोय केवढ्याने ओरडला! "उचल ती! मेली का माझी पोर?"

म्येन दचकली. वाटीकडे हात गेला, पण तिने ती उचलली नाही. "जिवंत आहे ना? मग बोलवा तिला."

क्वोयने ती रिकामी वाटी स्वतःच उचलली. फळीवर मात्र ठेवली नाही. मांडीवर घेऊन बसला. माझ्यातलं सार निवत चाललं होतं. मग त्याने म्येनचा फोन मागितला आणि लेकीला लावला.

"आई?" पलीकडून आवाज आला.

तो खाकरला. "शेवरी फुललीय."

"मासे आले, बा?"

"थोडे आलेत. ये. तुला... तुला वेगळं वाढू."

पलीकडून फक्त नाक ओढल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

माझं म्हणणं एवढंच आहे, पोरी: घे वेगळी वाटी, पण भरून घे माझ्यातूनच. तळाला तुझा चमचा आपटला नाही तरी चालेल. शेवटचा मासा ढकलायला समोर कुणीतरी हवं.

आज सकाळी सहावी मावशी होडीतून फुलं विकत आली. इथं भावंडांतल्या क्रमांकानेच हाक मारतात.

"मावशी, जरा जास्त टाक," क्वोय म्हणाला. "पोरगी यायचीय."

"अगंबाई! कधी?"

"ते काही बोलली नाही."

मावशीने त्याची टोपली भरली आणि वल्हं पाण्यात घातलं. "मग परत फोन कर, बाबा. पाणी उतरायला लागलंय, आणि मासे काही तुमचा रुसवा संपेपर्यंत थांबायचे नाहीत."