लेल्यांच्या घरातले ‘साहेब’

मी एक जुनी कवटी आहे. मित्रांनो, दचकू नका. मी कुणालाही भिववलेले नाही. उलट अनेकांना डॉक्टर केले आहे. माझ्यावर बारीक अक्षरांत शाईने हाडांची नावे लिहिलेली आहेत. ती शाई आता फिकट झाली आहे.

मी ज्याच्या खांद्यांवर होते, त्याचे नाव सोनबा. तो हर्णैचा. त्याच्या समोरच्या दाताचा टवका एका गलबतावर दोर सुटून उडाला होता, म्हणून तो हसताना ओठ मिटून घेई. मुंबई बंदरात इंग्रजांच्या एका लढाऊ जहाजाला खलाशी हवे होते. आईला ‘दिवाळीला येतो’ असे सांगून तो त्या जहाजावर चढला.

त्या जहाजावर एडविन हार्ले नावाचा तरुण मदतनीस डॉक्टर होता. त्या काळी नौदलात शल्यवैद्य होणे सोपे नव्हते. आधी पदविका, मग नौदलाची तोंडी परीक्षा, मग काही वर्षे जहाजावर मदतनीस म्हणून राबायचे आणि पुन्हा लंडनला जाऊन दुसरी परीक्षा द्यायची. तीत उतरला तरच बढती. हार्लेला त्या परीक्षेची धास्ती होती. चिरफाडीसाठी प्रेते मिळत नसत, त्यामुळे त्याचे शिक्षण बरेचसे पुस्तकातूनच झाले होते. कवटीतल्या छिद्रांची नावे तो रोज घोकी आणि रोज चुके.

एडनच्या वाटेवर जहाजात ताप शिरला आणि सोनबा आडवा झाला. हार्लेने त्याची मनापासून शुश्रूषा केली, हे मला सांगितलेच पाहिजे. त्याने स्वतःच्या हाताने त्याला पाणी पाजले. कपाळावरची ओली घडी तो सारखी बदलत होता. तरीही सोनबा गेला. हार्ले त्याच्या उशाशी तोंड झाकून बराच वेळ बसला.

आणि मग त्याच हातांनी त्याने करवत घेतली.

धडाला शिडाच्या कापडात गुंडाळले, पायाशी तोफेचा गोळा बांधला. माझ्या जागी काथ्याच्या दोराची गुंडाळी ठेवून वरून शिवून टाकले. सोनबाचा सोबती इब्राहिम धावत आला. “साहेब, एकदा तोंड बघू द्या,” तो म्हणाला, “त्याच्या आईला जाऊन सांगायचंय मला.” त्याला सांगण्यात आले, की ताप साथीचा आहे, कापड उघडता येणार नाही. इब्राहिमने त्या काथ्यावरून हात फिरवला. “सोनबा, दर्याच्या हवाली रे तुला,” असे म्हणून तो रडला. मी खालच्या खोलीत चुन्याच्या पाण्यात होते. वर फळी सरकवून धड समुद्रात सोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

पुढे लंडनमध्ये एका लांब मेजावर मला ठेवले गेले. पलीकडे तीन वयस्क परीक्षक बसले होते. या छिद्रातून कोणती नस जाते? इथे मार लागला तर कोणता डोळा जाईल? कवटीला भोक पाडायचे तर कुठे? हार्ले एकदाही अडखळला नाही. ही कवटी कुणाची, असे मात्र कुणीच विचारले नाही. परीक्षकांनी शाबासकी दिली आणि हार्ले शल्यवैद्य झाला. त्याने पुढे कितीतरी खलाशांचे प्राण वाचवले, असे म्हणतात. खरेही असेल.

त्याच्यामागून मी विद्यार्थ्यांच्या हातांतून फिरत राहिले. शेवटी एडिंबरोत शिकणाऱ्या एका पुणेकर तरुणाने मला एका निवृत्त डॉक्टरकडून घेतले. ते लेल्यांच्या घरातले पहिले डॉक्टर. मी आले विलायतेहून, म्हणून त्यांच्या घरात माझे नाव पडले ‘साहेब’. मित्रांनो, पुण्यात माझे खूप कौतुक झाले. दसऱ्याला अवजारांच्या पूजेत मलाही झेंडूचे फूल मिळे. “आमच्याकडे सगळे साहेबांच्या हाताखाली शिकलेत,” असे पाहुण्यांना सांगितले जाई. पहिल्या डॉक्टरांचे नातू श्यामसुंदर हे माझे शेवटचे विद्यार्थी. नंतर प्लास्टिकच्या स्वच्छ, पांढऱ्या कवट्या आल्या आणि मी बिस्किटांच्या डब्यात बसून माळ्यावर गेले.

यंदा लेले राहत ती इमारत पाडायची ठरली आणि सामानाची बांधाबांध सुरू झाली. आता ऐंशीच्या घरात असलेल्या श्यामसुंदररावांची नात अवनी नुकतीच डॉक्टर झाली आहे. तिची नौदलात निवडही झाली आहे. तिने माझा डबा खाली काढला.

“आता साहेबांना कुठे नेणार?” तिची आजी आनंदीबाई म्हणाल्या. “नव्या फ्लॅटमध्ये देवांनाच जागा होईना.”

अवनीने ओल्या कापसाने मला पुसले. पुसता पुसता तिचा हात थांबला. माझ्या तळाशी, नावांच्या गर्दीत, हार्लेने दोन शब्द आणि साल लिहिले होते : लास्कर, बॉम्बे, १८५०.

“आजोबा,” ती हळूच म्हणाली, “लास्कर म्हणजे आपल्याकडचे खलाशी. हे साहेब नव्हते. साहेबांनी वापरलेले होते.”

श्यामसुंदररावांनी चष्मा लावला आणि पुन्हा पुन्हा वाचले. “मी कधी बघितलंच नाही,” ते म्हणाले. “मला फक्त नसांची नावं हवी होती.”

आनंदीबाई खाली बसल्या. “अहो, मग यांचं काही झालंच नाही? अग्नी नाही, माती नाही?”

“काय करायचं तेही कळायला हवं,” श्यामसुंदरराव म्हणाले. “ खलाशांत हिंदू होते, मुसलमान होते, आफ्रिकेतलेही होते. जाळायचं की पुरायचं?”

अवनीने मला दोन्ही हातांत धरले. “तुमचं नाव काय होतं हो?” तिने विचारले.

मला सोनबाचे नाव माहीत होते, गाव माहीत होते, आईने दारात उभे राहून काय म्हटले तेही माहीत होते. पण बोलणारी जीभ कधीच गेली होती.

शेवटी आनंदीबाईंनी ठरवले, अग्नीच द्यायचा. चुकलेच तर दोष आपल्या माथी. अवनी मला घेऊन स्मशानभूमीच्या कार्यालयात गेली.

“मयताचं नाव?” कारकुनाने विचारले.

“माहीत नाही.”

“कधी वारले?”

“पावणेदोनशे वर्षं झाली असतील.”

कारकुनाने मान वर केली. “मग एवढी घाई कशाला करताय?” तो म्हणाला. पण मला पाहताच त्याचा आवाज बदलला. “मॅडम, दाखल्याशिवाय मला काही करता येत नाही. पोलीस चौकीतून पत्र आणा.”

चौकीत हवालदार मच्छिंद्र यांनी मला टेबलावर ठेवून घेतले. मानवी अवशेष म्हटल्यावर तपासणी करावी लागते, अहवाल मागवावा लागतो. अहवालानंतर कुणी वारस नसेल तर बेवारस म्हणून विल्हेवाट. बेवारस हा शब्द ऐकताच अवनी म्हणाली, “वारस म्हणून माझं नाव लिहा.”

“लिवतो की. नातं काय हाय ताई तुमचं?”

अवनीने माझ्यावरच्या फिकट नावांकडे पाहिले. “विद्यार्थिनी.”

“आसलं नातं चालत न्हाई.”

“आमच्या घरातले सगळे यांच्यावर शिकले. दुसरं नातं नाही माझ्याकडे.”

मच्छिंद्रांनी पेन खाली ठेवले, माझ्याकडे पाहिले, डोक्यावरची टोपी काढली. मग त्यांनी तो शब्द लिहिला. चौकीतल्या वरच्या साहेबांनी खोडला तर खोडला, असे ते म्हणाले.

मित्रांनो, आज मी तपासणीच्या खोलीत एका पुठ्ठ्याच्या खोक्यात आहे. अहवाल आलेला नाही. अवनीला प्रशिक्षणासाठी जावे लागले. आनंदीबाई अधूनमधून चौकीत फोन करतात, “आमच्या माणसाचं काय झालं?” मला अग्नी मिळेल की नाही, ठाऊक नाही. सोनबाची आई तर कधीच गेली असेल.

तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत कपाटामागे एखादा खरा सांगाडा उभा असेल. त्याच्या दातांत पेन्सिल खोचू नका. त्याला टोपी घालून फोटो काढू नका. त्याने तुम्हाला शिकवण्यासाठी स्वतःला दिले, असे समजू नका. कदाचित त्याला कुणी विचारलेच नसेल. त्याच्याकडून शिका, जरूर शिका. पण आधी तुमच्या बाईंना विचारा, हे कोण होते? बाईंना माहीत नसेल, तर मुख्याध्यापकांना विचारा. कुठेतरी कुणीतरी त्यांनाही ‘दिवाळीला ये’ म्हणाले असेल.