पिएद्रा मान्साचा संत

आठवड्यातून तीनदा, सकाळी, उत्तरेकडून, अमेरिकेतून हद्दपार केलेल्या माणसांचे विमान होंडुरासमधल्या सान पेद्रो सुलाला उतरे, आणि ती माणसे बूट फरफटवत पत्र्याच्या शेडमध्ये येत. फरफटवत, कारण तिकडच्या कोठडीत बुटांच्या नाड्या काढून घेतलेल्या असत. चर्चच्या बायकांनी कामे वाटून घेतली होती. दोघी कॉफी ओतत, तिघी घेवड्याचा लगदा भरून पोळ्या दुमडत, आणि ओविदिया पेर्दोमो नाड्या वाटी. प्रत्येकाला ती म्हणे, “घरी आलास, बरं झालं.” बहुतेकांना त्यात बरे काही दिसत नसे, पण तसे म्हणायचे, असे ठरले होते.

ओविदिया खोटे बोलत नसे. हा सद्गुण की कल्पनाशक्तीचा अभाव, याविषयी बायकांत मतभेद होते.

त्या दिवशी कागदपत्रे नसलेल्यांच्या रांगेत एक उंच, सडपातळ माणूस उभा होता. टेबलामागे नोंदणीचा कारकून फाउस्तो.

“गाव?”

“पिएद्रा मान्सा.”

“अरे वा! ओविदियाबाई, या इकडे. तुमच्या गावचा निघाला की हो!”

ओविदियाने पाहिले. पिएद्रा मान्सात एकेचाळीस उंबरे होते. तिथली माणसेच काय, कुत्रीही तिला नावानिशी ठाऊक होती. हा चेहरा त्यांतल्या कुठल्याच घरचा नव्हता.

“गावचा संत कोण?” फाउस्तोने विचारले. कागद नसले की तो हेच विचारी. माणूस आपले वय विसरेल, पण गावची जत्रा विसरणार नाही, असा त्याचा अनुभव होता.

“संत अंतोनियो.”

फाउस्तोचे बोट यादीवरून खाली सरकले आणि थांबले. “इथं संत इसिद्रो लिहिलंय.” त्याने पेनाला टोपण लावले. “थांब इथंच. साहेबांना विचारून येतो. परका निघालास तर दुपारच्या गाडीनं दक्षिणेच्या सीमेवर.”

तो गेल्यावर माणूस बाकावर टेकला. “बाई, मी सीमेपलीकडचा,” तो हळूच म्हणाला. “आमच्याकडं सरकारनं मिरवणुकांवर बंदी घातलीय; जत्रेत संताची पालखी उचलली म्हणून भावाला धरून नेलं. पुढच्या दांड्याला तो होता, मागच्या दांड्याला मी. दोन वर्षं झाली, त्याचा पत्ता नाही. परत पाठवलं तर माझाही लागायचा नाही. म्हणून अमेरिकेत सांगितलं, मी होंडुरासचा.”

“आमचंच गाव बरं सापडलं?”

“कोठडीत शेजारच्या खाटेवर तुमच्या गावचा एक म्हातारा होता, एलिसेओ म्हणून. रोज तुमच्या संताचं सांगायचा. हातात बाळ, पायाशी लाकडी बैल. बाळ म्हणजे अंतोनियोच ना?”

बाळ हातात घेणारा अंतोनियो आणि बैल जुंपून नांगरणारा इसिद्रो, हे ओविदियालाही ठाऊक होते. तिच्या लहानपणी गावाने शहरातून इसिद्रोची मूर्ती मागवली होती. खोके उघडले तर आत अंतोनियो. परत पाठवायला खेचर हवे होते, आणि जत्रा चार दिवसांवर आली होती. मग वडीलधाऱ्यांनी पायाशी बैल ठेवला, आणि संतांचे संत पाहून घेतील असे ठरवले. तेव्हापासून दर मे महिन्यात अंतोनियो इसिद्रो म्हणून शेतांतून मिरवे. पाऊस पूर्वीइतकाच पडे. बाहेरच्यांना मात्र गाव हे सांगत नसे.

फाउस्तो परतला. ओविदियाने त्याला मूर्तीचे सगळे सांगितले; यादी चुकीची नाही आणि हा माणूसही चुकला नाही, हेही सांगितले. त्यात खोटा शब्द एक नव्हता.

“म्हणजे पन्नास वर्षं तुम्ही भलत्याच संताला मिरवताय?”

“भलत्या नाही. जो आला, त्याला.”

फाउस्तो पोट धरून हसला. मग डोळे पुसून त्याने अर्ज पुढे सरकवला. “साहेब म्हणतात, ओळखीचं कुणी सही करत असेल तर माझी हरकत नाही. नातं काय लिहू?”

शेडमध्ये पंखा फिरत होता. ओविदियाने हातातल्या नाडीला एक गाठ मारली, मग सोडवली.

“भाचा,” ती म्हणाली.

“कुणाचा मुलगा?”

“नोएमीचा. माझ्या बहिणीचा.”

नोएमी चौतिसाव्या वर्षी वारली. मूल व्हावे म्हणून त्याच संतापुढे तिने गुडघे झिजवले होते. बाळ त्याच्या हातातच राहिले.

ओविदियाने सही केली आणि ती चुलीजवळ पोळ्या भाजणाऱ्या सिस्टर क्लोतिल्देपाशी जाऊन उभी राहिली.

“सिस्टर, मी खोटं बोलले.”

“केवढं?”

“सहा फुटांचं.”

सिस्टरने बाकाकडे पाहिले, मग तव्याकडे. “पापाची कबुली शनिवारी दे. आधी त्याला खायला दे. दोन दे, वाळलाय.”

तो खाऊ लागला. ओविदिया त्याच्याशेजारी बसली. इतर कुणाशेजारी ती बसत नसे.

“मावशी,” तो चाचरत म्हणाला, “कुणी विचारलं तर... आई कशी होती म्हणून सांगू?”

“शिट्टी वाजवायची. बायकांनी वाजवू नये म्हणून आमची आई ओरडायची, तर अंगणात जाऊन वाजवायची.”

“आणखी?”

“कॉफीत मिठाची चिमूट घालायची. नाचायला कुणी उठवलं की पाय दुखतो म्हणायची. पाय काही दुखत नव्हता.”

“आणखी?”

“तुझी वाट पाहायची,” ओविदिया म्हणाली, आणि हे खोटे आहे की नाही, ते तिला ठरवता येईना. “जेव तू. निवतंय.”