बर्तिंगच्या मागे दोन पावलं

"आचिंग तिनांग, तुम्ही मागं उभ्या राहून पुकारा करायचा, नेहमीसारखा," इंजिनिअर लाक्सामाना म्हणाले आणि माझ्या उत्तराची वाट न बघता त्यांनी टाळ्या वाजवल्या. क्लबाचा अध्यक्षच टाळ्या वाजवतोय म्हटल्यावर बाकीच्यांनीही वाजवल्या.

"मी कशाला?" मी क्लबातल्या तरुण दिंदोकडे बोट दाखवलं, विमान तोच उडवणार होता. "त्याच्या खिशात फोन आहे की. बटण दाबलं की त्यातली बाई कसरतींची नावं बोलते."

"त्या बाईला कोया बर्तिंगचं विमान काय ठाऊक?" दिंदो म्हणाला.

झालं. सगळे हसले, आणि मी अडकले. आमच्याकडे थोरल्या बाईला आचिंग म्हणतात आणि थोरल्या माणसाला कोया.

माझ्या नवऱ्याला, बर्तिंगला, जाऊन त्या दिवशी वर्ष झालं होतं. सकाळी चर्चमधून आल्यावर मी वर्षभराच्या शोकाचे काळे कपडे उतरवले आणि पिवळा झगा घातला. पान्सित, म्हणजे आमच्याकडच्या नूडल्स, शिजवून मोठं पातेलं भरून मैदानावर आणलं. क्लबाच्या शेडला नवी पाटी लागायची होती, ती चादरीखाली झाकून ठेवली होती. तिच्यावर काय लिहिलंय ते मला माहीत होतं, कारण स्पेलिंग विचारायला माणूस माझ्याच घरी आला होता. 'नोर्बेर्तो मानालास्तास मैदान.' बर्तिंगचं पूर्ण नाव. पण आधी बर्तिंगचं शेवटचं विमान दिंदोनं उडवायचं, मग पाटी, मग जेवण, असं ठरलं होतं.

मैदान म्हणजे काय, तर ज्वालामुखीची राख. ज्या राखेनं आमचं जुनं घर गिळलं, तिच्यावरच आमच्या माणसांनी रिमोटवरची छोटी विमानं उडवायला सुरुवात केली. राख सपाट, मैलभर झाड नाही, तार नाही. बर्तिंग म्हणायचा, "घर नेलं, पण धावपट्टी दिली बघ!" मी म्हणायचे, "धावपट्टीवर भात शिजव मग."

तो दिवसभर लोकांचे फ्रीज दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी विमानं बांधायचा. बाल्साच्या हलक्या लाकडाच्या पातळ फासळ्या कापायच्या, चिकटवायच्या, घासायच्या. वरून प्लास्टिकचा रंगीत कागद इस्त्रीनं बसवायचा, ते काम माझं. मी शाळेचे युनिफॉर्म शिवते, माझ्या इस्त्रीखाली सुरकुती राहत नाही. विमानं छोटीच, माझे दोन्ही हात पसरले तर तेवढी. मोठी आम्हाला परवडायची नाहीत.

आणि पुकाराही माझाच. कसरतींच्या स्पर्धेत सतरा कसरती एकामागून एक, ठरलेल्या क्रमानं करायच्या असतात. उडवणाऱ्याच्या छातीवर रिमोट, डोळे आभाळात. त्यानं कागद कधी बघायचा? म्हणून एक माणूस त्याच्या मागे दोन पावलांवर उभा राहून सांगतो, आता लूप, म्हणजे उभं वर्तुळ, आता रोल, म्हणजे स्वतःभोवती गिरकी, आता उलटं. चोवीस वर्षं मी त्या एका माणसाच्या मानेकडे बघून बोलले. घरात एवढं कधी बोलले नाही.

आता जे सांगते ते कुणाला माहीत नव्हतं. शेवटची तीन वर्षं बर्तिंगला विमान दिसत नव्हतं.

काचबिंदू. दोन्ही डोळे. समोरचं थोडं, धुरातून बघितल्यासारखं दिसायचं. त्याच्याही आधी, नजर जायला लागली तेव्हा, मी पंखांखाली काळे चौकोन लावले, म्हणजे उलटं-सुलटं कळेल. पुढच्या वर्षी मोठे लावले. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी मोठे. क्लबातल्या पोरांना वाटलं फॅशन आहे, त्यांनीही लावले. मग चौकोनही दिसेनात. तेव्हा मी कसरतीच्या नावाबरोबर बाकीचंही सांगायला लागले. डावा पंख खाली गेला. नाक वर. बाहेर ने, बाहेर, लोक आहेत. हात त्याचे होते, त्यांना सगळं पाठ होतं. डोळे माझे. आम्ही आपल्या घरच्या बोलीत, हलक्या आवाजात बोलायचो. मनिलाहून आलेल्या परीक्षकांना ती कळत नसे. त्यांना वाटायचं, बायको नवऱ्याला झापतेय. काही वेळा झापतही होते.

पासष्टीपुढच्या माणसांनी डोळे तपासून दाखला आणायचा, असा क्लबाचा नियम झाला. मी दवाखान्यातला तो अक्षरांचा तक्ता आदल्या दिवशी जाऊन उतरवून आणला आणि बर्तिंगकडून रात्रभर पाठ करून घेतला. "लहान पोरासारखं घोकायला लावतेस," तो चिडला. मी म्हटलं, "मग बस घरी." तो पुन्हा पहिल्या ओळीपासून म्हणायला लागला. घरी बसला असता तर तो महिन्यात गेला असता, हे मला ठाऊक होतं. चूक होती, मान्य आहे. तीस-तीस माणसं तिथं उभी असायची.

त्या दाखल्यावर तो शेवटच्या स्पर्धेत उडवायला गेला आणि तिसरा आला. चौथा दिंदो. अर्ध्या गुणानं. पहिले तीनच पुढच्या फेरीत जातात, दिंदोला जायला मिळालं नाही.

"सत्तरीतही गरुडासारखी नजर!" उड्डाणाआधीच्या भाषणात इंजिनिअर म्हणाले. "कोया बर्तिंगनं कधी चष्मा लावला नाही!"

मी पातेल्यावरच्या माश्या हाकलत राहिले. मनात एकच घोकत होते: तिनांग, आज फक्त नावं सांगायची. नाव सांगायचं आणि तोंड मिटायचं. तोंड सुटलं तर पाटी चादरीखालीच राहील, आणि बर्तिंग मेल्यावर लबाड ठरेल.

दिंदोनं विमान उचललं. मी त्याच्या मागे दोन पावलांवर उभी राहिले. त्याची मान बर्तिंगपेक्षा जाड, केस नीट कापलेले. वास वेगळा.

"लूप," मी म्हटलं.

लूप झाला.

"रोल. सावकाश."

सावकाश रोल झाला. चांगलं उडवतो पोरगा. विमान घरघरत लांब गेलं, परत आलं. तोच आवाज, तेच काळे चौकोन, समोर एका माणसाची पाठ. वर्षभर मी एकट्या घरात शिलाई मशीनशी बोलत होते. आणि आता माझ्यासमोर पाठ होती.

"उलटं," मी म्हटलं. "उलटंच राहू दे... डावा पंख खाली जातोय. उचल. नाक थोडं वर. हां. बाहेर ने, बाहेर, शेडकडे येतंय, लोक आहेत—"

"आचिंग," दिंदो हळूच म्हणाला, "मला दिसतंय."

मी घरच्या बोलीत बोलून गेले होते.

तो आमच्याच गावचा. बोली त्याची तीच. विमान सरळ जात राहिलं, जायला नको होतं तेवढं लांब गेलं, तरी त्यानं वळवलं नाही.

"कोयाला दिसत नव्हतं?" त्यानं विचारलं. मागे वळला नाही.

"वळव ते," मी म्हटलं. "क्यूबन आठ."

त्यानं वळवलं. आभाळात आडवा आठ झाला.

"त्या स्पर्धेतही?"

मी खोटं बोलले नाही. उरलेल्या कसरतींची नावं मी सांगितली, आणि त्यानं त्या केल्या. एकही शब्द जास्त नाही. मला रडू येत होतं, आणि ते बर्तिंगसाठी होतं की माझ्यासाठी, हे सांगता येणार नाही. विमान उतरलं ते राखेवर मऊ, आवाज न करता.

सगळे धावत आले. मी चादरीकडे बघत होते.

"काय रे, कसं उडतं?" इंजिनिअरनी विचारलं.

दिंदोनं रिमोट गळ्यातून काढला. घाम पुसला. वेळ लावला त्यानं, मुद्दाम लावला असं मला वाटलं.

"डाव्या बाजूला ओढतं," तो म्हणाला. "आचिंगनं सांगितलं म्हणून सांभाळलं. कोयाचं विमान कोयानंच उडवावं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. विमान डाव्या बाजूला अजिबात ओढत नव्हतं. बर्तिंगच्या हातचं विमान कुठल्याच बाजूला ओढत नसे.

पाटी लागली. जेवणं सुरू झाली. दिंदो माझ्यासाठी पान्सितची थाळी घेऊन आला आणि शेजारच्या खुर्चीवर बसला. बराच वेळ नूडल्स चिवडत राहिला.

"मला राग आलाय," तो म्हणाला.

"येऊ दे. यायलाच हवा."

"अर्धा गुण होता, आचिंग."

"ठाऊक आहे रे. तेव्हाही ठाऊक होतं."

त्यानं मान हलवली. थाळी संपवली. मग म्हणाला, "पुढच्या महिन्यात सेबूला स्पर्धा आहे. माझ्या मागं उभ्या राहाल? तो फोन टाकून देतो."

केवढं मोठं मन! त्याच्या आईनं चांगलं वाढवलंय. मला हो म्हणायचं होतं. ओठांवर आलं होतं.

"तुला दिसतंय की," मी म्हटलं. "मग मी तिथं उभी राहून काय करू?"

तो माझी रिकामी थाळी उचलून घेऊन गेला.

मी खुर्चीवर बसून राहिले. दुसऱ्या कुणाचं तरी विमान वर गेलं होतं. उन्हात नीट बघितलं. त्याचा उजवा पंख किंचित खाली होता. मी बघत राहिले, आणि कुणाला सांगितलं नाही.