शेवटची थाप

"उद्या मी स्वतः मागच्या बाकावर बसणार," मुख्याध्यापक शेटे सर म्हणाले. "वर्ग शांत राहिला तर ठीक. नाहीतर त्या पायलच्या आईला बोलावलंच आहे मी. दाखला देऊन टाकतो हातात."

"सर, नववीतून काढलं तर ती घरीच बसेल."

"मग तिला आवरा, मॅडम. तुमचंच काम आहे ते."

कौसर मॅडमनी हजेरीपट उचलला. तळेगावहून एस.टी.नं नवलाख उंबरे गावाच्या अलीकडच्या या शाळेत त्या जूनपासून येत होत्या, आणि जूनपासून नववी ब त्यांच्या हातातून निसटत होती. त्या फळ्याकडे वळल्या की पायल बाकावर बोटं वाजवायची. तिचा प्रदीपमामा भीमगीतांच्या पार्टीत ढोलकी वाजवतो, ती ढोलकी पोरीच्या बोटांत उतरली होती. तिनं ठेका धरला की सत्यम पट्टी आपटायचा, मग कंपास वाजायचे, मग पाय. आभाळ फुटावं तसा वर्ग फुटायचा.

मॅडमनी काय काय केलं नव्हतं! प्रशिक्षणात शिकवल्याप्रमाणे हात वर धरून उभ्या राहिल्या. हात दुखून आला, कुणी पाहिलंसुद्धा नाही. ओरडल्या, तर घसा बसला. शेवटी पायलला एकटीलाच पहिल्या बाकावर आणून बसवलं. ती तर घोडचूकच झाली. आता सगळ्या वर्गाला तिची बोटं दिसायला लागली.

पण बाक पुढं आला म्हणून मॅडमनाही एक दिसलं. पायल तीन थापा द्यायची, चौथीच्या आधी हात जरासा हवेत थांबवायची. तेवढ्या एका श्वासापुरता अख्खा वर्ग गप्प असायचा. मान वर, कान तिच्या हाताकडे. पाण्यावर वारा थांबावा तसा.

त्या संध्याकाळी मॅडमनी तिला थांबवून घेतलं.

"पायल, उद्या मी खूण केली की तीन थापा द्यायच्या."

पायलनं डोळे बारीक केले. "आन् चौथी?"

"हातात ठेवायची. माझं बोलून झालं, मी मान हलवली, की सोडायची. तोवर वर्ग तुझ्या हातात."

"आन् मी मदीच मारली तर?"

"तर मारलीस. मी काही तुझा हात धरणार नाही."

पायल जराशी हसली. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. दप्तर उचलून गेली.

दुसऱ्या दिवशी शेटे सर मागच्या बाकावर येऊन बसले. धडा आम्ल-आम्लारीचा. प्रत्येक गटाकडे हळदीत भिजवून वाळवलेले कागद, एका वाटीत लिंबाचा रस, एकीत साबणाचं पाणी. पोरांना गटात बसवलं की गोंधळ होणार, असं सरांचं ठाम मत. त्यांनी हाताची घडी घातलेलीच होती.

गोंधळ झालाच. वाट्या सरकल्या, कुणाच्या वहीवर रस सांडला.

"मॅडम, कागद लाजला! लालेलाल झाला!" सत्यम ओरडला.

"नवरदेव कोण रे? लिंबू का साबण?"

"साबण! लिंबाला नवरीनं नाकारलं!"

हशा उसळला. सर पुढं सरकून बसले. मॅडमनी पायलकडे पाहून बोट उचललं.

पायल बसूनच राहिली. हात मांडीवर.

मग बाकावर थाप पडली. दुसरी. तिसरी.

हात वर गेला आणि तिथंच राहिला.

हसू अर्ध्यावर थांबलं. सत्यमची पट्टी हवेत, कुणाचं बोट वाटीत. सगळे चौथीची वाट बघत होते. मॅडम हळूच बोलल्या; या वर्गात एवढ्या हळू त्या पहिल्यांदाच बोलत होत्या. "आता लाल झालेल्या कागदावर लिंबाचा एक थेंब टाकायचा. काय होईल, ते आधी लिहायचं. मग—"

"पायल!" शेटे सर उभे राहिले. "हे काय चालवलंय? हात खाली घे!"

पायलचा चेहरा ताठरला. बोटं आवळली गेली. हात खाली आला असता तर तो रागानंच आला असता, आणि त्यामागून सगळ्या वर्गाचे हात. ती सरांकडे बघत होती, वर्ग तिच्याकडे बघत होता.

"सर," मॅडम म्हणाल्या. "शेवटची थाप बाकी आहे. तोवर या वर्गात कुणी बोलत नाही. माफ करा, तुम्हीसुद्धा."

कुणीतरी श्वास आत ओढला. कालपरवा नोकरीला लागलेली बाई, आणि सरांना असं! मॅडमना स्वतःचेच शब्द परके वाटले. सरांचा चेहरा लाल झाला. पण सत्यम पुन्हा हसला नाही. कुणीच हसलं नाही.

पायलचा हात वरच होता.

सर हळूहळू खाली बसले.

"मग थेंब टाकायचा," मॅडमनी वाक्य पुरं केलं, "आणि झालं तेही लिहायचं. कामाला लागा." त्यांनी मान हलवली.

चौथी थाप इतकी अलगद पडली, जणू झोपलेल्या लेकराच्या पाठीवर. माना वह्यांत गेल्या. पेनांची खरखर तेवढी ऐकू येऊ लागली.

तेवढ्यात दारात कुणीतरी धापा टाकत येऊन उभं राहिलं. कंपनीचा निळा ड्रेस, गळ्यात अजून ओळखपत्र. पायलची आई, ज्योत्स्ना. पहिली पाळी संपवून थेट आली होती. तिचे डोळे भरले होते.

"काढली का ओ माज्या पोरीला?" ती मॅडमना म्हणाली. "फाटकापाशी आले तर आवाजच न्हाई. म्हनलं, गेली शाळा पोरीची."

मॅडमनी नुसतं पायलच्या बाकाकडे पाहिलं. पायलनं मागं वळून पाहिलं, पण उठली नाही. हाताशी कागद होता, लालवरून पुन्हा पिवळा होत चाललेला.

मागच्या बाकावरून शेटे सर उठून दारापर्यंत आले. थोडा वेळ तेही पायलच्या बाकाकडेच बघत राहिले.

"ताई, ती आत आहे," ते हलक्या आवाजात म्हणाले. "तास चालू आहे तिचा. जरा ओट्यावर बसा. पाणी प्या."

"आन् दाखला?"

सर मॅडमकडे न बघता व्हरांड्यात उतरले. "तो दहावी झाल्यावर न्या," म्हणाले.

आत मॅडमनी बोट उचललं. पायलनं डोळे पुसले आणि पहिली थाप दिली.